रावबहादुराच्या पेटीतलं एक मत

ऑस्ट्रेलिया नावाचा मुलूख जगात आहे हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. गणूदानं सांगितलं, तेही आमच्या गुऱ्हाळावर, चुलवणाच्या जाळापुढं बसून, दातानं उसाचं कांडं सोलता सोलता. उजवा हात त्याचा कोपरापासून खाली नव्हता. तो वाळवंटातल्या लढाईत गेला आणि त्याच्या बदल्यात गणूदाला पेन्शन मिळाली आणि सांगायला गोष्टी मिळाल्या. माझा दादा आणि तो एकाच दिवशी साताऱ्याला जाऊन पलटणीत भरती झालेले. दोघांतला एक परत आला. दादा इटलीत कुठल्याशा नदीकाठी पडला, एवढंच सरकारी कागदात होतं. त्याला जाळलं की पुरलं हे लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती.

गणूदाची ती गोष्ट अशी. “आमच्या शेजारच्या खंदकात ऑस्ट्रेलियाचं गोरं हुतं. आपला मुंबई इलाखा हाय न्हवं, तसा त्येंच्यातबी एक इलाखा, त्येची निवडणूक लागली. ह्ये वाळवंटात आन् निवडणूक तिकडं समुद्रापल्याड. तर तंबूत पेटी आणून दिली त्येंला. सार्जंटानं मत टाकलं, त्येच्या मागनं भटारखान्यातल्यानं टाकलं. पुढं रेडिओवर निकाल आला आन् निसता कालवा. सार्जंटाचा पक्ष पडल्याला, भटाऱ्याचा आल्याला. भटारी तोंडावर म्हणतोय, बरं झालं पडला. सार्जंट म्हणतोय, तुमचं सरकार मुलूख इकून खाईल. मग फेकून मारलं एकमेकांला. आन् सांजच्याला एका डब्यातलं मटाण खात बसलं दोघं.” तिथं मत न देणाऱ्याला दंड होतो असं त्यानं सांगितलं तेव्हा गुऱ्हाळावरची सगळी माणसं पोट धरून हसली. मत न दिल्याबद्दल दंड म्हणजे जेवला नाही म्हणून मार, असं कुणीतरी म्हणालं. गणूदा सैन्यात शिकलेल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांच्याशी बोलला होता, त्यामुळं त्यातलं खरं किती आणि पदरचं किती हे देव जाणे. मी पंधरा वर्षांची होते. मला त्यातलं एकच अप्रूप वाटलं, की स्वयंपाक करणाऱ्याला मत होतं.

कारण आमच्याकडं मत सगळ्यांना नव्हतं. हे आताच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. ज्याच्या नावावर शेतसारा भरण्याइतकी जमीन, जो काही यत्ता शिकलेला, नाहीतर ज्यानं पलटणीत चाकरी केलेली, त्याला मत. बाकीच्या गावानं पारावर बसून बघायचं. बायकांत तर आमच्या गावात मत फक्त माझ्या आईला मिळालं, आणि ते का मिळालं हे ऐका. लढाईत मेलेल्या शिपायाची आई म्हणून तिला पेन्शन चालू झाली होती, आणि पेन्शन खाणाऱ्या आईला मत द्यायचं असा सरकारचा कायदा होता. तलाठ्यानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई जात्यावर बसली होती. तिनं खुंटा सोडला नाही. “पोरगा घेतला आन् मत दिलं व्हय,” एवढं म्हणाली आणि पुढचं दळण ओढायला लागली.

आमचं गाव रहिमतपूरच्या अलीकडं. नाव सांगत नाही. सांगितलं की या गोष्टीतल्या माणसांची नातवंडं माझ्या दारात येतील, आणि सांगलीत विश्रामबागेतल्या या दोन खोल्यांत मला आता भांडणं झेपत नाहीत. घरात आई, मी, आणि माझ्या वडलांचे धाकटे भाऊ तात्या व त्यांची बायको नानी. वडील मी रांगत होते तेव्हाच गेलेले. ऊस तात्यांच्या आणि आमच्या वाटणीचा एकत्र असायचा. माघात गुऱ्हाळ लागलं की पहाटेपासून चरकाची करकर आणि बैलांच्या घुंगरमाळा, आणि दुपारपर्यंत सगळ्या शिवाराला गुळाचा वास. भाकरीवर गरम काकवी ओतून खायची, वर तिखटाला लसणाची चटणी. आई कवठे महांकाळकडची, कोरडवाहू मुलखातली. तिला हे गोडधोड कधी मानवलं नाही. ती म्हणायची, “तुमच्या हितं पानी लय. म्हणून मानसं मऊ.” नानी यावर तोंड फिरवायची. दादा मात्र मुद्दाम विचारायचा, “मग मी कसा गं, मऊ का कडक?” आणि आई म्हणायची, “तू माझ्या वळणावर गेलायस.” तो गेल्यावर ती काकवी आमच्या ताटात वाढायची, आपण कोरडी भाकरी खायची. माझ्यासमोर ती रडली नाही. मला तिचा त्या वेळी रागच यायचा.

निवडणूक आली तेव्हा दादाच्या वर्षश्राद्धाला महिनाही राहिला नव्हता. गावात तर आधीपासूनच वारं फिरलेलं. बेचाळीस सालानंतर आमच्याकडं सरकारच्या बाजूनं बोलायची कुणाची छाती नव्हती, आणि खबऱ्या ठरलेल्या माणसाचे तळपाय भूमिगतांच्या हातून शाबूत राहत नसत. एका बाजूला गांधीटोपीचा उमेदवार, दुसऱ्या बाजूला एक रावबहादूर. कोण निवडून येणार यात संशयच नव्हता. पण आमच्या गावच्या दाजी पाटलाला तेवढ्यानं समाधान नव्हतं. त्याला गाव एकमुखी हवं होतं. शेजारच्या गावानं सगळी मतं एकजात टाकायची शपथ घेतली, मग आपण काय बांगड्या भरल्यात? दाजी पाटील म्हणजे उंचापुरा, बोलायला गोड, आणि बेचाळीस साली भूमिगतांना भाकरी पोचवलेला माणूस. खरं ते खरं, त्यानं पोचवली होती. पण त्या भाकऱ्या तो पुढं जन्मभर मोजून दाखवत राहिला.

मग ठरलं, खंडोबापुढं बेल-भंडारा उचलायचा. आमच्या बाजूला याहून मोठी शपथ नाही. बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन माणूस बोलला की शब्द मोडायचा नाही, मोडला तर वंश बुडतो. देवळात सदू गुरव ताट घेऊन उभा राहिला. सदू गुरव म्हातारा, कानानं मंद, आणि देवाशिवाय दुसरं काही डोक्यात नसलेला. त्याच्या कपाळाचीच नव्हे तर धोतराची, नखांचीही हळद कधी गेलेली मी पाहिली नाही. इनामाच्या तुकड्यामुळं त्यालाही मत होतं. चाळीसेक माणसं एकामागं एक पुढं झाली. आई आली तेव्हा जरा कुजबूज झाली, बाईमाणसानं भंडारा उचलायचा का म्हणून. तिनं वाट बघितली नाही. पदर सावरला, ताटातला बेल घेतला, भंडाऱ्याची चिमूट घेतली आणि म्हणाली, “गाव म्हणतंय तिकडंच माझं मत.” ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मी तिच्या मागं उभी होते.

मतदान शाळेत झालं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीला वेगळा रंग. आपली पांढरी, टोपीसारखी, असं दाजी पाटलानं घरोघर बजावलं होतं. रावबहादुराची पिवळी. पडद्याआड जायचं, हातातला कागद पेटीत सोडायचा, बाहेर यायचं. आईनं इरकली लुगडं नेसलं होतं. बाहेर आली, वहाणा घातल्या, घरी येऊन म्हशीला वैरण टाकली. मी विचारलं, कसं असतं गं आत? म्हणाली, “अंधार असतोय.”

निकाल लागला. टोपीवाला प्रचंड मतांनी आला, रावबहादुराचं डिपॉझिट गेलं. साताऱ्याहून दाजी पाटील परत आला तो आनंदानं नाचत येईल असं वाटलं होतं. तो सरळ आमच्या गुऱ्हाळावर आला, रस उकळायच्या काहिलीशेजारच्या बाजेवर बसला आणि रसाचा तांब्या तोंडाला न लावता खाली ठेवला. त्याच्या देखत पेट्या फोडल्या होत्या. आमच्या गावची पांढरी पेटी भरलेली. आणि रावबहादुराची पेटी उघडून उलटी केली तर तिच्यातून एक कागद पडला. एकच. शेजारच्या गावचा पाटील तिथं होता, त्यानं तो कागद सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला म्हणे, “एक कुणीतरी शहाणा निघाला की तुमच्यात.”

जिंकलेल्या निवडणुकीवर इतकी कडू चर्चा मी पुन्हा कधी ऐकली नाही. चरक थांबवला. गुळव्या बिचारा एकटा काहिली ढवळत होता, बाकी सगळे मतदार चुलवणाभोवती. स्वराज्य येणार, मंत्री कोण होणार, सारा माफ होणार का, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कुणाचं मत फुटलं, एवढंच. आधी ज्याच्या-त्याच्याकडं बोट गेलं. रावबहादुराकडून कुणी बियाणं घेतलं होतं, कुणाचा जावई त्याच्या वाड्यावर कारकून होता. ज्याच्यावर बोट यायचं तो उसळून दुसऱ्यावर ढकलायचा. असं ढकलत ढकलत ते शेवटी ज्या माणसाला उसळता येणार नव्हतं तिथं येऊन थांबलं. नाव घेतलं ते दाजी पाटलानंच, आणि तेही किती हळवेपणानं. “वैनीवर आमचा राग न्हाई. पेन्शन खाती ती सरकारची. बाईमाणूस हाय, भ्याली आसंल.”

मी रसाची घागर घेऊन तिथं उभी होते. मी तात्यांकडं बघितलं. तात्या म्हणजे तिचा सख्खा दीर. भंडारा उचलताना हेही तिच्या पुढं होते, यांनीही ऐकलं होतं. ते चुलवणात चिपाडं सारत राहिले. बोलला तो गणूदा. “पाटील, मत कुणी कुनाला दिलं ह्ये इचारायचंच न्हाई, म्हणून तर पडदा लावलावता. त्या गोऱ्यांच्यात सार्जंटानं भटाऱ्याला इचारलं न्हाई, तू टाकलंस का म्हणून. त्येनं आपणहून सांगितलं, भांडला, आन् संपलं.” दाजी म्हणाला, “त्ये गोरं हायेत, गणू. त्येंच्यात भंडारा न्हाई.” झालं. आणि गणूदाही पेन्शनवालाच, हे तेवढ्यात कुणाच्या तरी ध्यानात आलं, तसा तो एकटा पडला.

दुसऱ्या दिवशी देवाला कौल लावला. सरकारनं पडद्याआड झाकून ठेवलेली गोष्ट आमचं गाव देवाला विचारायला निघालं, यातला वेडेपणा त्या चाळीस डोक्यांपैकी एकालाही दिसला नाही. सदू गुरवानं देवाच्या ओल्या मुखवट्याला दोन्ही बाजूंना झेंडूच्या पाकळ्या चिकटवल्या. मत आईचं असेल तर उजवी पडू दे, नसेल तर डावी. पाकळी ओली, मुखवटा ओला, कधीतरी काहीतरी पडणारच. उजवी पडली. सदू गुरवानं ती उचलून कपाळाला लावली आणि आईकडं बघून हात जोडले. बिचारा, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

दाजी पाटील तरी म्हणाला, आम्ही माणुसकी सोडणार नाही. भावकी म्हणाली, वर्षश्राद्धाच्या जेवणाला आम्ही येऊ, पण आईनं पुन्हा एकदा भंडारा उचलावा आणि पांढऱ्यात टाकलं असं देवापुढं सांगावं. कौल चुकीचा ठरला तर ठरला. निरोप घेऊन तात्याच आले. नानी दाराआड. आई निवडत होती, तांदूळ. दादाच्या जेवणाचे.

“वैनी, उचला की. एका शब्दाचं काम हाय. पोराच्या नावानं चार मानसं जेवत्याल.”

“मी उचललाय तात्या.”

“आवं पुन्यांदा.”

“देवाला एकदा सांगितलं. देव काय बहिरा हाय व्हय? आज पुन्हा उचलला तर कालचा खोटा हुता म्हणून मीच सांगितल्यागत हुईल.”

“मग मानसं याची न्हाईत.”

“न्हाई तर न्हाई,” आई म्हणाली. पण तिचे हात थांबले होते. मला दिसलं ते. दादाचं शरीर मिळालं नव्हतं, राख मिळाली नव्हती, त्याला खांदा द्यायला कुणी नव्हतं. भावकीनं एका पंगतीला बसून त्याच्या नावानं जेवायचं, एवढी एकच गोष्ट या गावात त्याच्यासाठी करता येण्यासारखी उरली होती. ती हातची जात होती, आणि ती वाचवायला तिला फक्त चिमूटभर हळद उचलायची होती. त्या रात्री मी तिच्याशी भांडले. म्हटलं, तुझ्या ताठ्यापायी दादा उपाशी राहील. तिनं मला जवळ घेतलं नाही की मारलं नाही. म्हणाली, “माझ्या सबदाला किंमत न्हाई म्हणणाऱ्या मानसांनी माझ्या पोराच्या नावाचा घास घ्यायचा, आसं तुला वाटतं का?” मला तसंच वाटत होतं.

श्राद्धाच्या दिवशी तिनं सगळ्या भावकीला पुरेल एवढा स्वयंपाक केला. गव्हाची खीर, उडदाचे वडे, अळूची भाजी, कढी, भोपळ्याची भाजी, आणि दादाला आवडायची म्हणून कवठ्याकडची मटकीची झणझणीत आमटी, जी श्राद्धाला कुणी करत नाही. तात्यांनी सकाळी भटजीपुढं बसून पिंड दिले, पाणी सोडलं. रीत पाळली त्यांनी. पण अंगणात पत्रावळ्या मांडल्या तसे ते उठले, फडाला पाणी बघून येतो म्हणाले आणि गेले. माघाच्या दुपारी, ऊस तोडून झालेल्या फडाला पाणी. मी त्यांना उभ्या जन्मात माफ केलं नाही. ते मेले तेव्हा मी सांगलीहून गेले, रडणाऱ्या नानीला धरून बसले, पण आत मी कोरडी ठणठणीत होते.

पत्रावळ्या वाऱ्यानं उडायला लागल्या म्हणून मी त्यांवर खडे ठेवले. बऱ्याच वेळानं गणूदा आला. डोक्याला फेटा, अंगावर पलटणीचा खाकी कोट, उजवी बाही मुडपून टाचणी लावलेली. एकटाच त्या लांबलचक रिकाम्या पंगतीच्या मध्यावर बसला आणि डाव्या हातानं जेवायला लागला. श्राद्धाला डाव्या हातानं. त्याला दुसरा होताच कुठं? आईनं त्याला तीनदा खीर वाढली. जेवून उठताना म्हणाला, “काकी, आमटी लय झ्याक झाली. त्यो खंदकात ह्या आमटीचंच बोलायचा.” तेव्हा आई चुलीकडं गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. उरलेलं अन्न आम्ही म्हशीला घातलं.

मग वर्षभर आम्हाला कुणी विस्तव देईना की आमचा घेईना. पाणवठ्यावर मी गेले की घागरी भराभर उचलल्या जायच्या. गणूदाचीही तीच गत. माझा नातू हल्ली मेलबर्नला असतो. मध्यंतरी त्याच्या राज्याची निवडणूक झाली तेव्हा फोनवर सांगत होता, “आजी, शेजारचे दोघं निकालावरून कुंपणाशी उभे राहून इतके भांडले, मला वाटलं आता मारामारी होते. दुसऱ्या दिवशी एकाची गाडी बंद पडली तर दुसरा ढकलत होता.” त्याला याचं फार नवल. मी म्हटलं, हे मला गणूदानं कधीच सांगून ठेवलंय. तर म्हणाला, कोण गणूदा?

चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगे असतात. त्या साली आई बाहेर दीपमाळेपाशी उभी राहिली, आत जायची आम्हाला सोय नव्हती, नैवेद्य मी पायरीवर ठेवून यायचा होता. मंडपात पानं मांडली होती आणि मतदार मंडळी पुन्हा जमलेली, कारण आता लोकल बोर्डाची निवडणूक यायची होती. दाजी पाटील समजावून सांगत होता. “या वक्ताला आपल्या मानसाला पिवळी पेटी मिळालीया. ध्यानात ठेवा. मागल्यागत घोळ नगं. पिवळी.”

सदू गुरव रोडगे वाढत होता. कानाला हात लावून त्यानं विचारलं, “कंची?”

“पिवळी रं, पिवळी.”

“मग मागल्या बारीलाबी पिवळीच हुती की,” सदू गुरव म्हणाला. “म्या त्यातच टाकलं. भंडारा उचलल्यावर दुसऱ्या रंगात कसं टाकायचं? पांढरा तर सुतकाचा.”

मी पायरीवर नैवेद्याचं ताट धरून उभी. वर्षभर त्याच्यासमोर सगळे ‘रावबहादुराची पेटी, रावबहादुराची पेटी’ म्हणत राहिले. घरोघर बजावलेली ‘पांढरी’ त्या म्हाताऱ्याच्या मंद कानांत शिरलीच नव्हती, आणि रावबहादूर कोण आणि त्याचा रंग कुठला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पडद्याआड त्याला हळदीच्या रंगाची पेटी दिसली, त्यानं तिला नमस्कार केला असेल आणि देवाचं मत देवाला दिलं. आणि पुढं त्याच हातांनी कौल लावला.

आधी एकजण खुदकन हसला. मग सगळा मंडप हसायला लागला. दाजी पाटील तर डोळे पुसत होता. “आरं सदबा, तू तर देवालाच निवडून आणाय निघालास की गड्या.” कुणी त्याच्या पाठीत थाप मारली, कुणी त्याच्यासाठी वेगळं पान मांडून जास्तीचं भरीत वाढलं. कागद तोच. आईचा होता तोवर गद्दारी होती, सदू गुरवाचा निघाला तशी गंमत झाली. मला भरितासकट ते ताट दाजी पाटलाच्या तोंडावर फेकावंसं वाटलं. फेकलं नाही, कारण देवाचं होतं. हसणं जरा ओसरल्यावर दाजी पाटलाचं लक्ष दीपमाळेकडं गेलं. तो उठून मंडपाच्या कडेला आला आणि म्हणाला, “वैनी, झालं गेलं गंगेला मिळालं. आवंदा पोराच्या जेवणाला सगळं गाव येतंय बघा.” माफी नावाचा शब्द त्याच्या तोंडातून निघाला नाही. आई “या” म्हणाली. एकट्या सदू गुरवाला काय झालं ते उमगायला वेळ लागला. उमगलं तेव्हा तो हातातली रोडग्यांची परात खाली ठेवून जमिनीवरच बसला.

माघात ते आले. सगळे आले. अंगणात मावेनात म्हणून दुसरी पंगत गोठ्यापुढं बसवली. तात्या मिरवत होते, पाणी वाढा, इकडं वडे आणा. आईनं तोच स्वयंपाक केला होता, पण मटकीची आमटी केली नाही. सदू गुरव आला तो उंबऱ्यापाशीच थांबला, त्याला आईनं स्वतः हाताला धरून गणूदाशेजारी बसवला. तो पानातली खीर नुसती बोटानं ढवळत होता. ती त्याच्या पानापुढं वाकून म्हणाली, “जेव सदबा. तू न्हाई खोटं बोललास.” बाकीचे पोटभर जेवले. खिरीला वाहवा झाली. जेवता जेवता लोकल बोर्डाच्या निकालाची चर्चा रंगली, कोण किती मतांनी आला, कुणाचं गाव फुटलं. शेजारच्या गावचं मत फुटलं होतं म्हणे, त्यावर दाजी पाटील खीर ओरपत मोठ्यानं हसला. त्या दोन पंगतींत माझ्या दादाचं नाव कुणी काढलं नाही. गणूदानं काढलं असतं, पण त्यानं मान वर केली नाही.

माणसं विडे खाऊन गेली. अंगणभर उष्ट्या पत्रावळ्या. मला इतका वेळ धरून ठेवलेलं आवरेना. मी म्हटलं, “ज्यांनी तुझ्या तोंडाला काळं फासलं त्यांना तू तुपाची धार धरून वाढलंस. गेल्या वर्षी न्हाई म्हणालीस ती काय मग? लाज कशी वाटली नाही तुला?”

आई खांबाला टेकून बसली होती. खूप दमलेली. म्हणाली, “गेल्या साली माझा सबूद हुता, त्यो मी राखला. औंदा त्येचं जेवाण हुतं. मेल्या मानसाला जेवू घालाय चार तोंडं लागत्यात, शेवंते. मला दुसरी कुठनं मिळायची?”

मग ती उठली, पदर खोचला आणि वाकून पत्रावळ्या गोळा करायला लागली. सगळ्या तिनं एकटीनं उचलल्या. मी हात लावला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.